ती नाटक करत नाही

रस्ता ओलांडता ओलांडता एखादी बाई मध्येच उभी राहते. मागून हॉर्न वाजतो आणि तिचे पाय जागीच रुततात. कंबर पुढे ओढली जाते, पाठ ताठ होते, पाऊल उचलू म्हटले तरी उचलत नाही. रिक्षावाला ओरडतो, "ओ मावशी, झोपलात काय?" त्या ओरडण्याने अंग आणखी आवळते आणि ती उभीच्या उभी कोसळते. पडताना तिला हातसुद्धा पुढे करता येत नाहीत. माणसे धावतात. कुणी मिरगी समजून चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडून आणतो, कुणी तोंडावर पाणी मारतो. ती मात्र या सगळ्या वेळात पूर्ण शुद्धीत असते. घरी आणल्यावर दाराआड जे बोलले जाते तेही तिला स्पष्ट ऐकू येते: "चार माणसं बघितली की हिला असं होतं. घरात तर चांगली हिंडते-फिरते."

या आजाराचे नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते आणि स्नायू ताठरतात, असा हा आजार. तो दहा लाखांत एखाद-दुसऱ्यालाच होतो आणि स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. एवढ्या विरळा आजारासाठी कुणी आवाज कशाला उठवायचा, असे वाटत असेल तर हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. त्या प्रमाणात या राज्यात शंभर ते सव्वादोनशे माणसे या आजाराने ताठरलेली असली पाहिजेत. ती आहेत कुठे? काही मणक्याच्या डॉक्टरांकडे कमरेचे पट्टे बांधून बसली आहेत. काही मानसोपचाराच्या गोळ्यांवर आहेत. काहींच्या घरचे त्यांना अमावास्येला कुठल्या तरी ठाण्यावर नेत आहेत, आणि काही घराचा उंबरा ओलांडायचेच सोडून बसली आहेत. निदान व्हायला अनेकदा पाच-सात वर्षे जातात. त्या वर्षांत स्नायूंच्या दुखण्याइतकेच, किंबहुना जास्तच, दुःख आपण देतो, कारण आपण त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

हा अविश्वास मोडून काढायचा तर आत नेमके काय बिघडते ते समजून घ्यावे लागेल. हात कोपरात वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि त्याच क्षणी मागचा सैल पडतो. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने सोडायचे, यावरच आपले चालणे, वाकणे, वळणे चालते. सैल पडण्याची आज्ञा मेंदू आणि मज्जारज्जू मुख्यतः गाबा नावाच्या रसायनाकरवी देतात, आणि गाबा तयार व्हायला जीएडी हे एन्झाइम लागते. स्टिफ पर्सन सिंड्रोमच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात याच जीएडीच्या विरोधातल्या अँटिबॉडी सापडतात. आवर घालणारी व्यवस्था लुळी पडते. मग पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकाच वेळी आखडतात. एका जुवाला जुंपलेले दोन बैल उलट दिशांना ओढू लागले की गाडी जागची हलत नाही, तसे शरीर होते. दोन्ही बाजू सर्व ताकदीने ओढत असतात आणि माणूस मात्र खिळलेला दिसतो. हा ताण इतका जबर असतो की जोरदार झटक्यात हाड मोडल्याच्याही नोंदी आहेत.

आपल्याला हे सगळे फार अनोळखी वाटायला नको. धनुर्वात महाराष्ट्राच्या प्रत्येक खेड्याने पाहिला आहे. गंजलेल्या खिळ्याच्या जखमेतून शिरलेल्या जंतूचे विष मज्जारज्जूतल्या याच आवर घालणाऱ्या रसायनांची वाट अडवते, म्हणून दातखीळ बसते आणि पाठ वाकते. कोकणातला काजरा घ्या. त्याच्या बीमधले स्ट्रिक्नीन ग्लायसीन या दुसऱ्या आवर घालणाऱ्या रसायनाचे काम रोखते आणि खाणाऱ्याचे अंग झटक्यांनी ताठ होते. स्टिफ पर्सन सिंड्रोमच्या एका उग्र प्रकारात रुग्णाच्या स्वतःच्या अँटिबॉडी नेमक्या त्याच जागी जाऊन बसतात. धनुर्वात झालेल्या पोराला कुणी ढोंगी म्हणत नाही, आणि काजरा पोटात गेलेल्याला कुणी "मन घट्ट कर" असे सांगत नाही. मग ज्या बाईच्या शरीराने हाच घात आतल्या आत केला, तिच्यावरच संशय का?

संशयाला कारणे आहेत, हे मी मान्य करतो, आणि तीच उलगडून सांगायला हवीत. हा ताठरपणा झोपेत विरतो. रात्री शांत झोपलेली, सहज कूस बदलणारी व्यक्ती पाहून घरच्यांना वाटते, अंग खरेच आखडलेले असते तर झोपेत कसे सुटले असते? पण झोपेत सुटणे हीच या आजाराची खूण आहे. दुसरे कारण भीतीचे. गर्दी, उघडा रस्ता, सरकता जिना, अचानक वाजलेली कुकरची शिटी, पाठीवर पडलेली थाप, रागाचा शब्द, यांतल्या कशानेही झटका येतो. एकदा भर रस्त्यात पडलेला माणूस रस्त्यालाच घाबरू लागतो, आणि घाबरला की झटका लवकर येतो. घरात भिंतीला हात लावून चालता येते, अंगण ओलांडताना पाय रुततात. बघणाऱ्याला वाटते, हिला माणसांसमोर येऊन तमाशा करायची हौस. वस्तुस्थिती अशी, की भीतीला वेसण घालण्याच्या कामातही गाबाचा वाटा असतो. भय आणि ताठरपणा एकाच मुळातून येतात. तिसरे कारण, एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. आपल्याकडे "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे वाक्य सुटकेचे समजतात. या रुग्णाच्या कानावर ते आरोपासारखे पडते, कारण त्यानंतर डॉक्टरचा सूर बदलतो, नवऱ्याचा बदलतो, आणि शेवटी तिलाही वाटू लागते की दोष आपल्या मनाचाच असेल.

डॉक्टरमंडळींनी हा आजार कसा ओळखीचा केला, त्याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. १९२४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक शेतकरी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये आला. मान आणि पाठ आखडून तो लाकडी माणसासारखा पडत असे. आजार कुठल्याच पुस्तकात नव्हता. फ्रेडरिक मोअर्श आणि हेन्री वोल्टमन या मेयोच्या दोन मज्जाविकारतज्ज्ञांनी तो शेतकरी विसरला जाऊ दिला नाही. त्याच्यासारखे आणखी कोण येते ते ते पाहत राहिले. ३२ वर्षांत असे १४ रुग्ण जमले आणि १९५६ मध्ये त्यांनी या आजाराचे पहिले वर्णन छापले. सात वर्षांनी, १९६३ मध्ये, डायझेपाम या तेव्हाच्या नव्या औषधाने हा ताठरपणा सैलावतो असे दिसून आले. १९८८ मध्ये येल विद्यापीठातल्या मिकेले सोलिमेना आणि पिएत्रो दे कामिली यांच्या गटाने एका रुग्णाच्या रक्तात जीएडीविरोधी अँटिबॉडी दाखवल्या. त्या रुग्णाला मधुमेहही होता आणि अपस्मारही. एका शेतकऱ्याचे म्हणणे खरे मानल्यामुळे ही वाट खुली झाली. त्या दिवशी "काही नाही, नसांचा अशक्तपणा आहे" असे म्हणून त्याला परत पाठवले असते, तर हा आजार अजून किती वर्षे बिननावाचा राहिला असता कोण जाणे.

म्हणून माझे पहिले आवाहन तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना आहे. तुमच्याकडे महागडी यंत्रे नसतील, पण तुमचा हात आहे. पाठ आखडल्याची तक्रार घेऊन महिनोन् महिने येणाऱ्या रुग्णाला तपासणीच्या बाकावर उताणे झोपवा. निरोगी माणसाची कंबर बाकाला जवळपास टेकते. या रुग्णाची टेकत नाही. कमरेच्या खालून तुमचा तळवा सहज पलीकडे जातो. आता पोटावर हात ठेवा. "सैल सोडा" असे सांगूनही पोट सुटत नाही, कडकच लागते. त्याला उभे करून पाठीमागून पाहा, मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे उठून दिसतील. मग विचारा: झोपेत बरे वाटते का? आवाजाने दचकून पडता का? मधुमेह, थायरॉइड, अंगावर कोड यांपैकी काही आहे का? या आजाराच्या रुग्णांत टाइप १ मधुमेह लक्षणीय प्रमाणात दिसतो, कारण जीएडी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतही असते. या प्रश्नांची उत्तरे हो आली तर रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. ईएमजी तपासणीत विश्रांतीच्या स्थितीतही स्नायू अखंड काम करताना दिसतात. अँटी-जीएडी६५ ची रक्ततपासणी काही हजार रुपयांत होते, नमुना जिल्ह्याच्या गावातून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या अँटिबॉडी कमी प्रमाणात साध्या टाइप १ मधुमेहातही सापडतात. त्यामुळे नुसता कागद पाहून या आजाराचा शिक्का मारणेही चूकच. या आजारात त्यांचे प्रमाण सहसा फार चढे असते, आणि तरीही निदान ठरते ते हाताला लागलेल्या स्नायूंवरून. उलट, काही रुग्णांत जीएडीच्या अँटिबॉडी नसतातच. काही थोड्या स्त्रियांत अँफिफायसिन नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात आणि त्यांच्यामागे स्तनाचा कर्करोग दडलेला असू शकतो; तो शोधून काढणे हाच तिथे खरा उपचार. आणि आकडा उतरला का हे पाहण्यासाठी दर दोन महिन्यांनी रक्त तपासत बसू नका. अँटिबॉडींचा आकडा आणि आजाराची तीव्रता यांचा थेट मेळ नसतो. रुग्ण किती चालतो आणि किती वेळा पडतो, ते मोजा.

उपचार आहेत, आणि हे मोठ्याने सांगायला हवे. आजार मुळापासून जात नाही, पण माणूस उभा राहतो, चालतो, कामाला लागतो. डायझेपाम आणि बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी औषधे पहिल्या फळीत येतात. त्यांनी भागले नाही तर रोगप्रतिकारशक्तीला आवरणारे उपचार असतात. २००१ मध्ये मॅरिनोस डालाकास आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णांवर शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे आयव्हीआयजीची, चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११ जण जास्त सहजपणे किंवा आधाराशिवाय चालू लागले, त्यांचे पडणे कमी झाले, घरची-बाहेरची कामे जमू लागली. काहींना प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लागू पडतो, काहींना रिटुक्सिमॅब, तरी २४ रुग्णांवरच्या चाचणीत रिटुक्सिमॅबचा फायदा स्पष्टपणे सिद्ध झाला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आता कार-टी पेशींच्या उपचाराच्या चाचण्या सुरू आहेत. या सगळ्याच्या जोडीला अनुभवी फिजिओथेरपिस्टकडून हळुवार ताण देण्याचे व्यायाम आणि ऊब. पाठ आखडली म्हणून रुग्णाला हाडवैद्याकडे नेऊन कडकडा मोडून घेऊ नका. जोरकस मालिशसुद्धा झटका आणू शकते.

घरच्यांनी दोन गोष्टी मनावर कोरून ठेवाव्यात. डायझेपाम किंवा बॅक्लोफेन एकाएकी बंद करू नये. "सवय लागेल, सोडून दे" हा शेजारणीचा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो. गोळी कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. या रुग्णांना डायझेपामचा डोस नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो, आणि औषध शेड्यूल एच१ मधले. मग मेडिकलवाला चिठ्ठीकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने बघतो, जणू समोर नशेकरी उभा आहे. म्हणून निदान आणि डोस लिहिलेले न्यूरॉलॉजिस्टचे पत्र कायम जवळ ठेवा, आणि केमिस्टबंधूंनो, ते पत्र वाचून माणसाला माणसासारखे वागवा. दुसरी गोष्ट झटक्याच्या वेळेची. आवाज कमी करा, गर्दी हटवा, हिसका देऊन उठवू नका, हातपाय जबरदस्तीने सरळ करू नका. चप्पल, कांदा, पाण्याचे सपकारे, यातले काही नको. जवळ बसा आणि हळू बोला. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा. आणि लक्षात ठेवा, समोरची व्यक्ती शुद्धीत आहे. त्या वेळी तिच्याविषयी जे बोलाल ते ती जन्मभर विसरणार नाही.

जगाच्या कानावर हे नाव पोहोचवले ते गायिका सेलिन डिऑनने. टायटॅनिकमधल्या गाण्यामुळे तिचा आवाज आपल्याकडेही घराघरांत पोहोचला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तिने स्वतःच हा आजार जाहीर केला, २०२४ च्या माहितीपटात आपल्याला आलेला दीर्घ झटका जसाच्या तसा जगाला पाहू दिला, आणि त्याच वर्षी २६ जुलैला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून ती गायली. त्या झटक्याचे दृश्य पाहताना डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. मिटू नका. आपल्या गावातल्या कुणाला हेच होत असताना आपण हसलो असू.

आता सार्वजनिक जबाबदारीचे बोलू. आपण सण साजरे करतो, करावेतच. पण छातीत धडकणारा डीजे आणि दाराशी अचानक फुटणारा सुतळी बॉम्ब या रुग्णाला अक्षरशः जमिनीवर आदळतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, पोलिसांची गाडी येईपर्यंत थांबू नका. आपल्या वस्तीत असा कुणी आजारी आहे का, हे विचारणेही मंडळाच्या कामात मोडते. हॉर्नवर हात ठेवून गाडी हाकणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

खर्चाचा डोंगर तर कुटुंबे मोडतो. आयव्हीआयजीचा नेहमीचा डोस किलोमागे दोन ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला एका फेरीत १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या, दोन ते पाच दिवसांत शिरेतून चढवायच्या, आणि फेऱ्या बहुधा दर महिन्याला. एकेक फेरी लाखांत जाते. देशाचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आले, त्याखालची उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, आणि धोरणातल्या आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण ती यादी मुख्यतः जन्मजात, जनुकीय आजारांची आहे. ऐन कर्त्या वयात उद्भवणाऱ्या स्वयंप्रतिकार आजारांकडे तिची नजर वळलेली नाही. ती वळवायला हवी. आपल्या आमदार-खासदारांना लेखी विचारा, राज्याच्या आरोग्य योजनेत या आजाराच्या आयव्हीआयजीला जागा मागा, या रुग्णांची राज्यव्यापी नोंद ठेवण्याची मागणी करा. ज्यांची मोजदादच नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना उघडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे. रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, लाजू नये. आणि आयव्हीआयजी कारखान्यात रसायनांपासून बनत नाही, हजारो दात्यांच्या प्लाझ्मामधून बनते. रक्तदान शिबिरातून जमलेला जादा प्लाझ्मा अशाच औषधांसाठी जातो. तेव्हा पुढच्या शिबिरात बाही वर करा.

शेवटचे सांगणे त्या शंभर ते सव्वादोनशे जणांना, हा अंक त्यांच्यापैकी कुणाच्या हाती पडला असेल तर. ताई, दादा, तुम्ही वेडे नाही आणि दुबळेही नाही. तुम्हाला अंगात जे जाणवते ते खरे आहे आणि त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. हा लेख कापून जवळ ठेवा, न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि विचारायला कचरू नका: "डॉक्टर, माझी अँटी-जीएडी तपासणी कराल का?" त्यांनी उडवून लावले तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आणि ज्यांच्या ओळखीत असे कुणी आहे त्यांनी तिला एकटीला पाठवू नका. रजा टाका, तिच्या वेगाने चाला, सोबत जा.